नळदुर्गाला कोण येतंय?

गणपतीत भावकीच्या ग्रुपवर मी एक सुचवलं. दिवाळीला सगळे जमणारच आहोत, तर या वर्षी महाबळेश्वर राहू द्या. दोन गाड्या काढू आणि पैठणहून निघून बीड, अंबाजोगाई, तेर, तुळजापूर करत नळदुर्गापर्यंत आपलाच मुलूख बघू. चुलत दादानं लगेच लिहिलं, "दगड बघायला कोण येतंय माय? आधी मराठवाड्याला पाणी द्या म्हणावं, मग पर्यटन. तिकडं बसून सुचायलंय तुला." खाली अंगठ्यांची रांग लागली.

ते अंगठे मला लागले. 'आधी पाणी' हे लहानपणापासून ऐकत आले आहे. वाचनालय मागा, नाट्यगृह मागा, उत्तर तेच. पाणी काही आलं नाही, आणि वाचनालयही झालं नाही.

मी जर्मनीत आउग्सबुर्गला राहते. आमच्या गावातून रोमँटिश स्ट्रासे नावाचा पर्यटनाचा रस्ता जातो, उत्तरेला व्युर्त्सबुर्ग, दक्षिणेला आल्प्सच्या पायथ्याशी फ्युसेन. तो 1950 मध्ये आखला. नवा रस्ता कुणी बांधला नाही, होते तेच रस्ते आणि तीच जुनी गावं एका नावात ओवली आणि पाट्या लावल्या. त्याआधी पाचच वर्षांपूर्वी, मार्च 1945 मध्ये, बाँबफेकीत व्युर्त्सबुर्ग बेचिराख झालं होतं. याच रस्त्यावरच्या रोथेनबुर्गचाही मोठा भाग जळाला होता. रोथेनबुर्गच्या तटावरून चालताना भिंतीत देणगीदारांच्या नावांचे दगड दिसतात, त्यात जपानी नावंही आहेत. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसांच्या देशानं घरंही बांधली आणि तटही बांधला. 'आधी हे, मग ते' करत बसले नाहीत. त्यांच्याकडे अमेरिकेचा पैसा होता, असं दादा म्हणेल. होता. पण पाट्या रंगवायला असा किती पैसा लागतो?

फ्युसेनजवळचा फोर्गेनसे तर मी दादाला मुद्दाम दाखवीन. उन्हाळ्यात तिथं बोटी चालतात, सायकलवाल्यांची रीघ असते. तो तलाव धरणाचा आहे. 1954 मध्ये लेख नदी अडवली, तेव्हा वस्त्या पाण्याखाली गेल्या. हिवाळ्यात तो रिकामा करतात, तेव्हा तळाशी रोमनांच्या रस्त्याच्या खुणा उघड्या पडतात आणि लोक तो चिखलसुद्धा बघायला येतात. एवढा करून त्याचा पसारा पंधरा-एक चौरस किलोमीटर. आमचा पैठणच्या धरणाचा नाथसागर साडेतीनशेच्या घरात. तिथंही गावं बुडाली, तिथंही थंडीत रोहित पक्षी उतरतात, 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. पण आपल्याकडे नाथसागराची बातमी येते ती टक्क्यांची. साठा किती, वरच्या धरणांतून सोडलं का, एवढंच. तो आकडा जिवाचा आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण त्या पाण्याच्या काठाला संध्याकाळी नुसतं बसायलाही माणसं यावीत, यात पाण्याच्या भांडणाचं काय बिघडतं?

आणि रस्ता म्हणाल तर तो आपल्याकडे आधीपासून होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून कापड गाड्यांत भरून भडोचला जातं. तिथून तो माल रोमनांकडे. ज्या रोमनांच्या रस्त्याच्या खुणा फोर्गेनसेच्या तळाशी जपतात, त्यांच्याशी तेरचा व्यापार होता! हे मला इथं आल्यावर कळलं. तेर आमच्या घरापासून एका दुपारच्या अंतरावर.

भादव्यात बालाघाट कुणी नीट बघितलाय? मांजरसुंब्याच्या घाटात ढग खाली येतात, कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीजवळ धबधबा कोसळत असतो, पाटोद्याकडे सौताड्याची दरी हिरवीगार असते. पुढे सीताफळं पिकतात. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी ती घाटात टोपलीतच विकली जातात. अंबाजोगाईत आद्यकवी मुकुंदराजांची समाधी दरीच्या कुशीत आहे. आणि नळदुर्ग! बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं बंधारा घातला आणि बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधला. नदी भरली की नर आणि मादी अशा दोन धारा शेजारून कोसळतात आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो. असं बांधकाम मी इकडे कुठेच पाहिलेलं नाही, आणि इकडचं मी पुष्कळ पाहिलंय.

दादाची एक गोष्ट मला खोडता येत नाही. याच घाटांतून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमधून निघतात, लेकरंबाळं, भांडीकुंडी, शेळ्यांसकट. ज्यांनी घाट असा ओलांडला, त्यांना त्याचं सौंदर्य सांगायला जीभ रेटत नाही. आमचा रस्ता जाण्याचा आहे, येण्याचा नाही. मीही त्याच रस्त्यानं गेले, फक्त एसटीत खिडकीची जागा धरून.

म्हणूनच मला तो येण्याचा रस्ता व्हायला हवाय. इथं मी कितीही वर्षं राहिले तरी बाहेरचीच, आणि तिथं दादा मला "तिकडची" म्हणतो. माझ्या मुलीला लेख नदीवरची गावं पाठ आहेत, मांजरा कुठं उगम पावते ते ठाऊक नाही. तिला पाटोद्याच्या डोंगरात नेऊन ते दाखवायचंय, आणि ते बघायला आणखी चार अनोळखी माणसं आलेली असावीत असं वाटतं. दादा, मला पाहुणी म्हण, काही हरकत नाही. मग पाहुण्यांसाठी पाटोद्यात एक स्वच्छ संडास, एक पाटी आणि रात्री उतरायला चार खोल्या होऊ देत. त्याचे पैसे आम्ही देऊ, आणि ऊसतोडीच्या टोळीत न जाता गावात राहिलेल्या एखाद्या घराला ते पैसे मिळू देत. दिवाळीला मी येतेय. महाबळेश्वरला मी येणार नाही.