खुलासा : ट्यूब येण्याआधीही तैलरंग उघड्यावर नेले जात

'1841 मध्ये अमेरिकन चित्रकार जॉन रँडने रंगाच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं, तोवर निसर्गात बसून तैलरंगात काम करणं अशक्य होतं,' असा मजकूर फिरतो आहे. तो चूक आहे. इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला 1821-22 मध्ये ढगांचे तैल-अभ्यास (निरीक्षणासाठी झटपट केलेली तैलरंगातली छोटी चित्रं) उघड्यावरच केले. तो 1837 मध्ये, म्हणजे ट्यूब येण्याआधीच, वारला.

रंग तेव्हा डुकराच्या मूत्राशयाच्या पुरचुंडीत बांधलेला असे. टाचणीने भोक पाडायचं, हवा तेवढा रंग दाबून काढायचा. खरी अडचण पुढची : भोक नीट बंद होत नसे, त्यामुळे आतला रंग घट्ट होई. ट्यूबने ही नासाडी थांबवली, हे तिचं मोठंच श्रेय.

या अभ्यासांचा पृष्ठभाग बहुधा कागद. कोरा कागद तेल शोषतो, रंग निस्तेज दिसतो, कागदही ठिसूळ होतो; म्हणून आधी अस्तर, म्हणजे रंगाखालचा तळथर, द्यायचं. कॉन्स्टेबल ते अनेकदा तांबूस ठेवी आणि ढगांच्या फटींतून ते मुद्दाम दिसू देई. ओल्यात ओला रंग, म्हणजे आधीचा थर वाळायच्या आत पुढचा, कारण ढग थांबत नाहीत! काही अभ्यासांच्या पाठीवर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशाही आहे. अशा नोंदी असलेल्या कामाला 'अपूर्ण चित्र' म्हणणंही चुकीचंच.