शाल दिली, पण माणूस कोण देणार?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. मोठं झालं तर घ्या सांभाळून.

सकाळी गावाकडच्या ग्रुपवर फोटो आला. संक्रांतीच्या हळदीकुंकवात माझ्या मोठ्या जाऊबाईंचा, आम्ही अक्का म्हणतो, 'आदर्श सून' म्हणून सत्कार. शाल, नारळ, काचेचं सन्मानचिन्ह. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग, मी पण एक टाकला. मग अक्काला फोन केला तर म्हणते, "अगं माझं नाव पुकारस्तोवर दोनदा घरी पळत जाऊन आले, आत्यांना कुशीवर घ्यायची वेळ झालती. ह्यांची भाषणंच संपंनात की."

मोहोळ तालुक्यातलं गाव आमचं. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, लकवा मारून सहा वर्षं झाली. दर दोन तासाला कूस बदलायची, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखम होते आणि एकदा झाली की भरता भरत नाही. आम्ही सोलापुरातून मोठ्या ऐटीत हवेची गादी नेऊन दिली. ती लाईटवर चालते. रात्री लाईट गेली की गादी बसते आणि अक्का उठते.

सहा वर्षांत ही बाई माहेरी मुक्कामाला गेलेली नाही. तिची आई वारली तेव्हा सकाळी गेली, माती झाली आणि संध्याकाळच्या एसटीने परत. तिला तुम्ही शाल देता?

आता कुणीतरी कमेंटमध्ये योजना सांगणार. माहितीय हो. निराधारचे पैसे आहेत, दिव्यांगांसाठी आहेत, पण त्याला सर्टिफिकेट लागतं आणि ते काढायला अंथरुणाला खिळलेल्या बाईला जीपमध्ये आडवं घालून तीसेक किलोमीटर आणावं लागलं, आणि त्या दिवशी डॉक्टर सुट्टीवर, परत या म्हणाले. परत! नंतर मिळालं, नाही असं नाही. पण ते सगळं आत्यांच्या नावावर. रात्री तीनला उठणारीचा कुठल्या फॉर्मवर रकाना आहे का? 2016 च्या दिव्यांग कायद्यात सांभाळणाऱ्यासाठी भत्त्याचा उल्लेख आहे, मी स्वतः वाचलाय, पण आमच्या गावात त्याबद्दल कुणाच्या तोंडून एक शब्द ऐकला नाही. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' म्हणून योजना आहे, घरी सांभाळणाऱ्या माणसाला महिन्याला 600 रुपये. 600 मध्ये काय होतं म्हणाल तर काहीच होत नाही. पण निदान तिथं सरकारला ती बाई दिसली तरी.

आणि अक्काला पैसे नकोच आहेत. मी विचारलं होतं एकदा, काय पाहिजे तुला. म्हणाली, "दोन दिवस कुणीतरी बसाय माणूस दे, मी नुसती झोपती."

एवढंच. गावात बचत गट आहेत ना, त्यातल्या चार बायकांना शिकवा, जखमेचं ड्रेसिंग, लघवीची पिशवी, कूस कशी बदलायची, आणि त्यांना दिवसाची मजुरी द्या. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी ठेवावेच लागतात, त्यातून सुरुवात करा. आमच्या गावची घरपट्टी किती वसूल होते मला माहितीय, त्यात चार बायका काय एक पण पोसणार नाही, बरं. मग वरून द्या! आशाताईंवर टाकू नका फक्त, त्यांच्या डोक्यावर आधीच काय कमी आहे का.

सगळ्यात जास्त चीड येते ती "पुण्य लागतं गं बाई" म्हणणाऱ्यांची. पुण्य एवढं स्वस्तात मिळतंय तर या की एक रात्र. दीर-नणंदा सगळे पुण्य सोडून पुण्याला.

(हो, हसा.)

आणि मी? लिहिता लिहिता तेच आठवतंय मगापासून. आत्या माझ्याही सासूबाईच आहेत ना. मी सोलापुरात, जुळे सोलापूर भागात, नोकरी, पोरांचे क्लास, महिन्याला पैसे पाठवते, रविवारी जाते, शेंगाचटणी आणि कडक भाकरी पिशवीत भरून घेऊन परत येते. ती पिशवी पण अक्काच भरते. आज फोटोखाली इमोजी टाकताना मला जरा सुटल्यासारखं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

दुपारी परत फोन केला. म्हणलं पुढच्या शनिवारी येते, सोमवारी सकाळी जाईन, तू माहेरी जा, नाहीतर इकडं ये, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बस. बराच वेळ काही बोललीच नाही. मला वाटलं रडतीय. मग हळूच म्हणाली, "तुला एकटीला कुशीवर घ्यायला जमंल का गं? पाठीचा मणका जाईल तुझा."

नाही जमत. कधी केलंच नाही. आत्ता तिने व्हिडिओ पाठवलाय, पुतण्याला खाटेवर झोपवून दाखवलंय, आधी गुडघा मोडायचा, मग एक हात खांद्याला, एक कमरेला. पुतण्या नुसता हसतोय. त्याच्या पायाखाली ती शाल अंथरलीय.