खुलासा: ग्रानाख 'नोस्फेराटू'मधला व्हॅम्पायर नव्हता

मंडळी, परवा मी अलेक्झांडर ग्रानाखवर पोस्ट टाकली होती, कार्पेथियन डोंगरांकडच्या गॅलिशियातल्या (पूर्व युरोपातला, आता पोलंड-युक्रेनमध्ये विभागलेला प्रदेश) खेड्यातून बर्लिनच्या रंगभूमीवर गेलेला ज्यू नट. त्यात लिहिलं होतं की १९२२च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूक भयपटातला तो भयानक व्हॅम्पायर म्हणजे हाच, आणि हिटलर आल्यावर तो थेट हॉलिवूडला गेला. दोन्ही चूक आहे आणि चूक माझीच, सॉरी. काल तीच पोस्ट मला तीन ग्रुपवरून फिरून परत आली म्हणून हे लिहितेय.

परत बसून सिनेमाची श्रेयनामावली बघितली. व्हॅम्पायर झालेला नट मॅक्स श्रेक आहे, ग्रानाखने त्यात नॉक नावाचं पात्र केलंय, तो माशा पकडून खाणारा वेडा इस्टेट एजंट. आणि १९३३ला जर्मनी सोडल्यावर तो आधी पोलंड, मग सोव्हिएत युनियनमध्ये गेला, तिथे अटक झाली, सुटल्यावर झुरिकला आला आणि १९३८ला कुठे अमेरिका.

त्या पोस्टमधली त्याच्या पायांची गोष्ट मात्र खरी आहे, त्याने आत्मचरित्रात स्वतःच लिहिलीय. लहानपणापासून बेकरीत उभं राहून कणीक मळून मळून पाय वाकडे झाले होते, असे पाय घेऊन स्टेजवर कसं उभं राहणार, म्हणून या माणसाने डॉक्टरकडून हाडं मोडून पाय सरळ करून घेतले! हे वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं. १९४५ला वारला तेव्हाही तो न्यूयॉर्कला ब्रॉडवेवरच्या नाटकात काम करत होता.

जुनी पोस्ट मी डिलीट केलीय, तुम्ही पुढे पाठवली असेल तर प्लीज तिथे हे टाका आणि ती आता फॉरवर्ड करू नका.