टाकी रिकामी केली म्हणजे पाणी गेलं असं होत नाही!

आज सकाळी आमचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून फिरायला न्यायचं चाकांवरचं घर, हिवाळ्यानंतर बाहेर काढला, पाण्याची नळी जोडली, नळ सोडला आणि मिनिटाभरात भिंतीच्या आतून फस्स्स असा आवाज सुरू झाला. पोटात गोळाच आला माझ्या. धावत जाऊन पाणी बंद केलं, पलंगाखालची फळी उचलली, तर आत हे एवढं तळं! बाहेरच्या बाजूला वाळूचे पाय धुवायला छोटा शॉवर असतो ना, त्याच्या नळाला मागून उभी चीर गेलीय. केसाएवढी. बोट फिरवलं तरी कळत नाही, पण पाण्याचा दाब आला की तिथून सरळ कारंजं. पंपाच्या तोंडाशी गाळणीची पारदर्शक वाटी असते, तिचेही दोन तुकडे. आणि त्या कोपऱ्यातला प्लायवूड आत्ताच अंगठ्याखाली दबतोय. शुक्रवारी निघायचं होतं आम्हाला!

आणि पाणी गोठून असं काही फुटू नये म्हणून हिवाळ्याआधी ट्रेलरमधलं पाणी काढून टाकायचं काम मी वर्कशॉपमध्ये पैसे मोजून करून घेतलं होतं. पावतीवर लिहिलंय, 'हिवाळ्यासाठी पूर्ण तयारी', पुढे प्रत्येक ओळीवर टिकमार्क. फोन केला तर तिकडून उत्तर काय, "मॅडम, टाक्या आम्ही रिकाम्या केल्या होत्या, पाइपांत हवाही मारली होती. यंदा थंडीच जास्त पडली."

थंडी जास्त पडली?? अहो, पाणी शून्य अंशाला गोठतं. गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि जागा मिळाली नाही की जे आडवं येईल ते फोडतं. थंडी जास्त होती की कमी, हा प्रश्नच नाही. प्रश्न हा आहे की आत पाणी का राहिलं!

टाकीत पाणी राहिलं नाही, हे मलाही मान्य. पण ट्रेलर टाकीमुळे फुटत नाही. तो फुटतो नळाच्या पोटात अडकलेल्या घोटभर पाण्यामुळे, पंपातल्या पाण्यामुळे, टॉयलेटच्या व्हॉल्व्हमधल्या पाण्यामुळे. बाहेरच्या नळीच्या जोडणीतून हवा मारली तर ती पंपातून जातच नाही, तिथे उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह असतो. म्हणजे पंप आणि गाळणी भरलेलीच राहतात. आणि जो नळ उघडलाच नाही, त्यातलं पाणी जाणार कुठून? ट्रेलरच्या आतले नळ उघडले, बाहेरचा शॉवर विसरले. दोन चाव्या फिरवायच्या होत्या, एक गरम आणि एक थंड. बस!

हवा मारल्यावर गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे थंडीत पाइप फुटू न देणारं द्रव, पंपाने ओढून घ्यायचं असतं. प्रत्येक नळ, आधी थंड मग गरम, गुलाबी पाणी येईपर्यंत उघडा ठेवायचा. बाहेरचा शॉवर धरून. टॉयलेट धरून. मग प्रत्येक सिंकच्या आणि शॉवरच्या जाळीत पेलाभर ओतायचं, कारण खालच्या वाकड्या पाइपात पाणी कायमच साचलेलं असतं. हे काही गुपित नाही. हेच काम करणाऱ्या माणसाला मी हे शिकवायचं?

वर एका ओळखीच्यांनी सल्ला दिला, "गाडीचं अँटिफ्रीझ टाकायचं, स्वस्तात होतं." ऐकून डोकंच फिरलं. गाडीत घालतात ते बहुतेक इथिलीन ग्लायकॉल असतं, विष आहे ते! त्याच नळाने आम्ही मुलांच्या बाटल्या भरतो. ट्रेलरसाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं वेगळं मिळतं, तेच घ्यायचं. माहीत नसेल तर गप्प बसा, पण असले सल्ले वाटत फिरू नका.

ट्रेलर बनवणाऱ्यांवरही माझा तितकाच राग आहे. वॉटर हीटरला वगळून पाणी पुढे नेणारा बायपास व्हॉल्व्ह कुठे, तर पलंगाखाली, पत्र्याच्या मागे, सहा स्क्रू काढल्यावर. आणि तो फिरवला नाही तर वीस-बावीस लिटर अँटिफ्रीझ नुसत्या हीटरच्या टाकीत जातं. पाणी सोडायची तोंडं गाडीच्या पोटाखाली, चिखलात आडवं पडून चाचपडत शोधायची. एक झाकण, एक नीट लावलेली चिठ्ठी, एवढं करायला काय जात होतं? ज्याने ही रचना केली त्याने थंडीत, काकडलेल्या बोटांनी ते स्क्रू एकदा काढून दाखवावेत.

बॅटरीचं तर बोलायलाच नको. 'बॅटरी काढली' याच्यापुढेही टिकमार्क, आणि बॅटरी जागच्या जागी! गॅसची गळती ओळखणारं यंत्र दिवसरात्र थोडी थोडी वीज खातं. महिन्या-दोन महिन्यांत लेड-ॲसिड बॅटरी पार उतरते, आणि उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड जेमतेम उणे दहाच्या आसपासच गोठतं. पूर्ण चार्ज असती तर उणे ५० लाही काही झालं नसतं. आता तिच्या दोन्ही बाजू फुगल्यात. दोन वायरी सोडवायच्या होत्या हो, दोन!

माझ्या हातात होतं ते मी सगळं केलं होतं. फ्रिजचं दार उघडं ठेवलं, गॅस बंद केला, चाकांखाली फळ्या घातल्या, खालच्या भोकांत स्टीलची लोकर ठासली, म्हणून एक उंदीर आत शिरला नाही. ताडपत्री नको म्हणून हवा खेळेल असं कव्हर घातलं, कारण ताडपत्रीखाली दमट हवा कोंडते आणि वाऱ्याने फडफडून ती छताचं सीलंट घासत राहते. छताच्या कडा हाताने तपासल्या. जे काम दुसऱ्यावर सोडलं, नेमकं तेच बुडालं.

फुटलेला नळ, वाटीचे दोन तुकडे आणि ती टिकमार्कवाली पावती, सगळं पिशवीत भरून ठेवलंय. उद्या उघडताक्षणी काउंटरवर मांडणार. कुठल्या ओळीवर खूण कोणी केली, ते त्याच माणसाने माझ्यासमोर उभं राहून सांगायचं, आणि नळ, पंप, बॅटरी, सडलेला प्लायवूड, सगळ्याचा खर्च भरायचा. तोवर मी तिथून हलणार नाही.