नाकावरचा अर्धा किलो

दिवाळीला भाचा आला तो अमेरिकेतून एक हेडसेट घेऊनच, म्हणजे डोळ्यांवर बांधून आतल्या पडद्यावर चित्र बघायचं यंत्र. कंपनीचं नाव नको. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं तो काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "मामा, दहा वर्षांत मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप सगळं यात जाणार. तुझे चष्मे पण."

सांगलीत माझं चष्म्याचं दुकान आहे, 30 वर्षं झाली. चष्मे जाणार म्हटल्यावर मी आधी शेजारच्या सराफाकडं गेलो आणि त्याचा काटा मागून आणला. माझी मेटलची फ्रेम, प्लॅस्टिकच्या काचांसकट, 24 ग्रॅम. हेडसेट अर्ध्या किलोच्या वर. सराफ म्हणाला, "एवढं सोनं असतं तर दोघंही दुकान बंद करून घरी बसलो असतो."

त्या 24 ग्रॅमपायी लोक माझ्याशी भांडतात हो. नाकावर खड्डा पडतोय, कानामागं टोचतंय, काडी जरा सैल करा. अ‍ॅपलचा असाच हेडसेट, व्हिजन प्रो, 2024 मध्ये 3,499 डॉलरला आला, तेव्हा तो 600 ते 650 ग्रॅमचा होता. शिवाय बॅटरी वेगळी, साडेतीनशे ग्रॅमची, वायर लावून खिशात ठेवायची. पुढचं मॉडेल हलकं येईल म्हणावं, तर 2025 चं 750 ते 800 ग्रॅम! पुढचा भार तोलायला मागच्या पट्ट्यात टंगस्टनचं वजन घातलंय. बैलगाडी उलार झाली की पुढं पोतं सरकवतात ना, तोच प्रकार, फक्त उलट्या बाजूनं.

पण वजन आज ना उद्या उतरेल. माझं खरं कुतूहल डोळ्याचं होतं.

आपण पेपर जवळ धरला की दोन गोष्टी एकदम होतात. दोन्ही डोळे नाकाकडं वळतात आणि आतलं भिंग फुगून फोकस जवळ आणतं. लहानपणापासून ही जोडी एकत्रच काम करते. हेडसेटमध्ये चित्र वीतभर अंतरावर दिसलं तरी त्याचा फोकस एका ठरलेल्या, जरा लांबच्या अंतरालाच असतो. डोळे वळतात, भिंगाला मात्र तिथंच थांबावं लागतं. जोडी फुटली की काहींचं डोकं धरतं. भाच्यालाच तासाभरात धरलं, वय 27.

मला नाही धरलं, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली. माझं भिंग वयानं कधीच ताठ झालंय. लांबचा नंबर नाही, पण चाळिशीशिवाय बिल वाचता येत नाही. तिथं जवळचं पान चाळिशीविना वाचलं! दोन मिनिटं मी गप्पच बसलो.

मग नंबरचा विषय निघाला. व्हिजन प्रोमध्ये नंबर असेल तर आत झाईसची वेगळी भिंगं बसवतात, 149 डॉलर. म्हणजे यंत्र एका माणसाच्या डोळ्याला बांधलं गेलं. आमच्या घरात चार माणसं, चार नंबर, टीव्ही एक.

चष्म्यासारखी दिसणारी जात वेगळी, आणि मला तीच जास्त टिकेलशी वाटते. मेटा रे-बॅन डिस्प्ले 2025 चा, 69 ग्रॅम, 799 डॉलर. चित्र फक्त उजव्या काचेत, 20 अंशांच्या छोट्या चौकटीत. नंबरची मर्यादा -4 ते +4. माझ्याकडं -6 ची पोरं रोज येतात, त्यांनी काय करायचं? आणि तो चालतो मोबाईलशी जोडूनच. मोबाईल खिशातच राहिला की! आधीचा इतिहासही आठवा. गूगल ग्लास हा असाच चष्मा 1,500 डॉलरला आला, कॅमेऱ्यामुळं लोक बिथरले, 2015 मध्ये सामान्य गिऱ्हाईकासाठीची विक्री थांबली. मायक्रोसॉफ्टनं होलोलेन्स या आपल्या हेडसेटचं उत्पादन 2024 मध्ये बंद केलं. कारखान्यात दोन्ही हात अडकलेल्या माणसाला या वस्तूंचा उपयोग आहेच, तो मी नाकारत नाही.

तर माझं मत असं. ऑफिसातला दुसरा मॉनिटर जाईल. एकट्या राहणाऱ्या पोराच्या खोलीतला टीव्ही जाईल, हातातलं स्मार्टवॉचसुद्धा कदाचित. मोबाईल जात नाही. का, ते माझ्या काउंटरवर रोज दिसतं. माणूस येतो, डॉक्टरांच्या कागदाचा फोटो काढतो आणि फोन माझ्याकडं वळवतो, "हा बघा नंबर." हेडसेट असता तर त्यानं काय केलं असतं? स्वतःच्या डोक्यावरचा काढून माझ्या डोक्यावर चढवला असता. त्याचा नंबर -3, माझा शून्य. मला दिसणार काय, कप्पाळ?

भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तू जुन्या जमान्यातला." असेन. बोलता बोलता त्यानं हेडसेट काढून आपला रोजचा चष्मा लावला. त्याचे नोजपॅड पिवळे पडून कडक झाले होते. मी चष्मा हातात घेतला, बारीक स्क्रू काढले, नवे सिलिकॉनचे बसवले. चष्मा लावून त्यानं मान दोनदा हलवून बघितली आणि म्हणाला, "हां, आता काही जाणवतच नाही."