नाही दहा

काकांचा फोन आला की तो माझ्या हातात देताना बायको एवढंच विचारते, "किती कमी पडतायत?" काकांना ख्यालीखुशालीत रस नसतो. "रविवारी काकूचा नवस फेडायचाय. चारला मिन्हा, मग मलिदा. तू दहावा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवलाही. (मिन्हा म्हणजे आमची दुपारची प्रार्थना.)

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून गावाने आम्हाला शनवारतेली केलं. आमच्यात प्रार्थना पुरी व्हायची तर तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. नऊ संत जमले तरी कद्दीश (देवाच्या स्तुतीचा पाठ) म्हणता येत नाही, दहा टवाळ जमले तर येतो. मी दुसऱ्या गटातला. म्हणून ठाण्याहून वडखळ नाक्याचे खड्डे मोजत, कंबर धरून, अलिबागच्या पुढे गावाला निघालो. सोबत भाचा. वय नऊ, म्हणजे मोजणीत शून्य.

पोचल्यावर कळलं की एकाचे गुडघे आयत्या वेळी धरले, त्यामुळे मी आता नववा. दहावा कोणीतरी रेवसला लाँचमधून उतरतोय, असं काका दर दहा मिनिटांनी सांगत होते.

आमची म्हातारी माणसं सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराला, अजून मशीदच म्हणतात. (मुंबईच्या मशीद बंदर स्टेशनला ते नाव आमच्या 1796 सालच्या देवळावरून पडलं असं आमच्यात सांगतात. बाहेर सांगितलं की लोक हसतात, म्हणून हल्ली मी सांगत नाही.) दाराच्या चौकटीवर मेझुझा आहे, म्हणजे आत धर्मवचनांची गुंडाळी असलेली छोटी डबी. आत-बाहेर करताना त्याला हात लावून बोटांचं चुंबन घ्यायचं. भाच्याचा हात पोचत नव्हता, तर तो प्रत्येक वेळी चार पावलं मागे जाऊन धावत यायचा आणि उडी मारायचा. नेम चुकला तर बाहेर जाऊन पुन्हा आत. माझा हात आरामात पोचतो. मी लावला का? आठवत नाही.

काकांची मोजणी सुरू झाली. माणसं मोजायची नाहीत, असं आमचं शास्त्र. दावीद राजाने प्रजेची मोजदाद केली आणि साथीत सत्तर हजार माणसं मेली. त्यामुळे काका बोट दाखवत नाहीत, हनुवटी दाखवतात, आणि "नाही एक, नाही दोन, नाही तीन" असं म्हणतात. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणतात, त्याच्याही पुढची ही पायरी. देवाला वाटावं, हा काही मोजत नाहीये. पंख्याखाली डुलकी घेणाऱ्यापाशी "नाही सहा" होऊन हनुवटी माझ्यापाशी थांबली. "नाही नऊ." खांबामागे कोणी लपलंय का ते बघून आले आणि पुन्हा पहिल्यापासून.

"आजोबा," भाचा म्हणाला, "नाही एक म्हणजे एक असेल, तर नापास म्हणजे पास का?"

काकांनी त्याच्याकडे बघितलं नाही. मोजणीत नसलेल्या माणसाकडे कशाला बघायचं?

"आजोबा, नवगावला जहाज फुटलं तेव्हा किती जण वाचले?"

"सात पुरुष, सात बायका." काका खुलले. आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला कसे लागले, ही गोष्ट ते कुणालाही, कधीही सांगतात.

"मग दहा कुठून आणले?"

काका थांबले.

"बायका धरल्या तर चौदा होतात की."

"बायका धरत नाहीत."

"का?"

मलिद्याचं ताट घेऊन आलेली काकू तिथेच उभी राहिली. तिलाही ऐकायचं होतं.

"तेव्हा त्यांना नुसती शेमा येत होती," काका म्हणाले. शेमा म्हणजे 'देव एक आहे' ही आमची मूळ प्रार्थना. "बाकी सगळं विसरले होते. शेमाला दहा लागत नाहीत."

"मग आपण पण शेमाच म्हणू या ना. मामाला बाकी कुठे येतं?"

डुलकी घेणारे गृहस्थसुद्धा हसले. काकू तर ताट सावरत बाहेर गेली. मी खिशातला फोन काढून महत्त्वाचं काहीतरी वाचू लागलो.

"नाहीतर एलियाहू हनाबीला दहावा धरा," पोरगं सोडायला तयार नव्हतं. एलियाहू हनाबी म्हणजे रथातून स्वर्गात गेलेले आमचे प्रेषित. "त्यांचा रथ इथनंच तर गेला, खंडाळ्याला. जवळच असतील."

खंडाळ्याच्या (घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं) त्या कातळावर लहानपणी मीही गेलोय. बाबांनी रथाच्या खुणा दाखवल्या. मी सगळीकडे घोड्यांची लीद शोधत फिरलो. रथ म्हणजे घोडे, घोडे म्हणजे लीद. बाबांनी धपाटा घातला. तेव्हा माझाही रथावर विश्वास होता, फक्त पुरावा पूर्ण हवा होता.

तेवढ्यात एक टेम्पो ट्रॅव्हलर येऊन थांबली. हेरिटेज टूर. काका आशेने फाटकापर्यंत गेले आणि उतरणाऱ्या प्रत्येक पुरुषाला "तुम्ही इस्राएल का?" विचारू लागले. लोक म्हणाले, "नाही, कोथरूड." गाईड मात्र थेट आत शिरला आणि गळ्यातल्या माइकवर सांगू लागला, "दुर्दैवाने हा समाज आता इथे उरलेला नाही." आम्ही नऊ जण बाकांवर बसून हे ऐकलं. मग त्याने माझ्या खांद्याला हात लावला. "दादा, जरा बाजूला होता का? मागच्या लाकडी कट्ट्याचा फोटो हवाय." मी झालो! का झालो, कोण जाणे. एका बाईंनी मला विचारलं, "तुम्ही केअरटेकर का इथले?"

तसं आम्हाला बाजूला करायची लोकांना सवय आहे. इस्राएलला गेलेल्या आमच्या माणसांचं ज्यूपण तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी खोदून खोदून तपासलं. शेवटी 1964 साली तिथल्या संसदेला ठराव करावा लागला की ही मंडळी पुरती ज्यू आहेत. महाराष्ट्र सरकारने अल्पसंख्याक दर्जा दिला तो 2016 साली. एवढं सगळं होऊन बँकेच्या फॉर्मवर मी अजून 'इतर'. समोरची मुलगी विचारते, "इतर म्हणजे नक्की काय?" नक्की काय सांगू? नाही एक?

दहावा पावणेसहाला आला, स्कूटरवरून, हेल्मेटखालीच टोपी घालून. मिन्हा झाली. मग भाच्याने डोळे गच्च मिटून, उजव्या हाताने झाकून, खणखणीत शेमा म्हटली. मी पुढच्याच्या ओठांकडे बघत अर्ध्या सेकंदाने मागून म्हणत होतो.

मलिद्याचं म्हणाल तर भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं आणि खजूर. दारी आलेल्याला तसंच पाठवायचं नाही, या काकूच्या नियमाने पहिली ताटली गाईडला गेली. त्याने दुसऱ्यांदा घेतला. कोथरूडकरांनी "पोहे म्हणून छान आहेत, पण तिखट नाहीत," असा शेरा मारून ताट पुसून दिलं. माझ्या वाट्याला एक खजूर आला.

निघताना काकांनी डायरी काढली आणि भाच्याची जन्मतारीख विचारून लिहून घेतली. "चार वर्षं तब्येत सांभाळ," मला म्हणाले. "मग हा तेराचा होतो. तू नाही आलास तरी चालेल."

डायरीत डोकावून बघितलं. पोराचं नाव पेनाने, माझं पेन्सिलीने. पेट्रोलचं तर कोणी विचारलंच नाही.