मालकाची सही लागत नाही: इएसआयच्या बेरोजगारी भत्त्याबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

चाकण, भोसरी, रांजणगावच्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. तो इएसआयबद्दल, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या कर्मचारी राज्य विम्याबद्दल आणि काम सुटल्यावर त्यातून मिळणाऱ्या भत्त्याच्या 'अटल बीमित' योजनेबद्दल असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच असतो:

"इएसआयच्या अटल बीमित योजनेच्या मागे लागू नका. मालकाची सही लागते, तो देत नाही. स्टॅम्प पेपरवर ॲफिडेव्हिट करावं लागतं. तीन महिने घरी बसल्यावर पगाराच्या पाव हिश्श्याएवढे पैसे मिळतात. कंत्राटी कामगाराला तेही नाहीत. अर्ज एकदा नामंजूर झाला की विषय संपला."

या पट्ट्यात काम सुटलेल्या माणसांचे कागद भरून द्यायला मी बरीच वर्षं बसतोय. हा मेसेज वाचून अर्जच न केलेली माणसं दर महिन्याला भेटतात. त्यातल्या काहींना पैसे नक्की मिळाले असते. म्हणून एकेका वाक्याला उत्तर देतो.

आधी एक मान्य करतो. मेसेज पहिल्यांदा ज्याने लिहिला, त्याने लिहिलेलं बरंचसं तेव्हा खरं होतं. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 1 जुलै 2018 पासून लागू झाली, तेव्हा नियम जवळपास असेच होते. अर्ज शेवटच्या मालकामार्फत जायचा, प्रतिज्ञापत्र लागायचं, नव्वद दिवस बेकार राहिल्यावरच हक्क सुरू व्हायचा आणि रक्कम सरासरी कमाईच्या 25 टक्के होती. मग टाळेबंदी आली, आणि 20 ऑगस्ट 2020 रोजी कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या बैठकीत हे नियम बदलले. मेसेज मात्र जुनाच फिरत राहिला.

"मालकाची सही लागते." आता लागत नाही. अर्ज कामगाराने स्वतः करायचा. इएसआयच्या संकेतस्थळावर आपला विमा क्रमांक टाकून करता येतो, शाखा कार्यालयात जाऊन देता येतो, टपालानेही पाठवता येतो. पैसे थेट बँक खात्यात येतात.

पण इथेच थांबलो तर मीही अर्धवटच सांगितलं असं होईल. सही गेली, तरी मालकाचा हात पूर्ण सुटलेला नाही. मालक दर महिन्याला, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत, प्रत्येक कामगाराचे दिवस आणि पगार ऑनलाइन भरतो. तुम्ही काम सोडलंत किंवा तुम्हाला काढलं, तर त्या महिन्यात शून्य दिवस दाखवून त्यापुढे कारण निवडायचं असतं: रजेवर, नोकरी सोडली, निवृत्त, कामगार कपात, काम नाही वगैरे. शेवटचा कामाचा दिवसही तिथेच भरतात. ही नोंद झालीच नाही, किंवा तुम्ही 'रजेवर' आहात अशी झाली, तर कार्यालयाच्या दृष्टीने तुमची नोकरी अजून चालूच आहे. मग अर्ज महिनोन् महिने पडून राहतो आणि आपण इएसआयच्या कारकुनाला शिव्या देतो. माझ्याकडे अडकलेले जितके अर्ज आले, त्यांतले बहुतेक याच एका नोंदीपायी अडकले होते.

म्हणून काम सुटलं त्याच आठवड्यात दोन गोष्टी करा. संकेतस्थळावर आपल्या विमा क्रमांकाने आत जाऊन अंशदानाचा, म्हणजे दर महिन्याला भरलेल्या इएसआयच्या पैशांचा, इतिहास उघडा आणि शेवटच्या महिन्यापुढे काय लिहिलंय ते बघा. चूक असेल तर कंपनीला साध्या कागदावर पत्र द्या: माझा शेवटचा दिवस अमुक, कारण अमुक, नोंद दुरुस्त करावी. गेटवर घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, एक प्रत शाखा कार्यालयात द्या आणि त्यावर पोच घ्या. 'उद्यापासून येऊ नका' असा सुपरवायझरचा मेसेज आला असेल तर तो पुसू नका. शेवटची पगारचिठ्ठी आणि गेटपास जपून ठेवा. कंपनी आणि तुम्ही वेगवेगळं सांगू लागलात, तर हेच कागद तुमच्या बाजूने बोलतात.

आणि राजीनामा. 'हिशोब हवा असेल तर राजीनामा लिहून दे' हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता त्याचं नवल वाटत नाही, राग मात्र दर वेळी येतो. शिस्तभंगाची शिक्षा म्हणून काढलेल्याला, वयोमानाने निवृत्त झालेल्याला आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला ही योजना लागू नाही. तुम्हाला काढून टाकलं असताना 'वैयक्तिक कारणामुळे नोकरी सोडत आहे' असं लिहून दिलंत, की पुढे वाद घालायला जागा तुम्हीच दिलीत. सही करावीच लागली, तर निदान 'काम नसल्याने कंपनीने सांगितल्यावरून' एवढे शब्द त्यात घाला.

"ॲफिडेव्हिट लागतं." ती अट 2020 सालीच नोव्हेंबरमध्ये गेली. आधार कार्ड आणि बँकेचा तपशील, यांच्या प्रती अपलोड करायच्या. स्टॅम्प पेपरच्या नावाखाली कोणी पाचशे-हजार मागत असेल तर देऊ नका. आधारचा ओटीपी तर कुणालाच सांगू नका, अगदी ओळखीच्या नेट कॅफेवाल्यालाही.

बँकेच्या तपशिलाबद्दल एक सांगायला हवं, कारण मंजूर झालेले पैसे इथून परत जातात. सरकारी बँकांचं विलीनीकरण झालं तेव्हा खात्यांचे आयएफएससी कोड बदलले. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, सिंडिकेट बँक 2020 मध्ये कॅनरा बँकेत. इएसआयकडे तुमचं दहा वर्षांपूर्वी दिलेलं खातं जुन्याच कोडसह नोंदलेलं असेल, तर अर्ज मंजूर होऊनही खात्यात काही दिसत नाही. पासबुकाचं पहिलं पान नव्याने छापून घ्या आणि त्यावरचा कोड नोंदीशी ताडून बघा. आधारवरचं नाव, विमा नोंदीतलं नाव आणि बँकेतलं नाव अक्षराअक्षराने जुळतं का, तेही बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे अर्ज यात फार अडकतात.

"तीन महिने थांबा, पाव पगार घ्या." आता नव्वदऐवजी तीस दिवसांनी हक्क सुरू होतो आणि दर 50 टक्के आहे. हिशोब असा: आधीच्या सहा-सहा महिन्यांच्या चार अंशदान कालखंडांतली, म्हणजे दोन वर्षांची, एकूण कमाई भागिले 730. त्याच्या निम्मे रोजचे, जास्तीत जास्त नव्वद दिवस. महिना 15,000 रुपयांवर दोन वर्षं सलग काम केलेल्याचे रोजचे सरासरी 493 रुपये होतात, निम्मे 246 आणि काही पैसे. नव्वद दिवसांचे साधारण 22 हजार. भोसरीत एका खोलीचं भाडं, दोन मुलांची फी आणि किराणा यांत ते किती दिवस पुरतील ते मलाही कळतं. पण 22 हजार म्हणजे सावकाराकडे न जाता निघालेले दोन महिने.

हे पैसे दान नाहीत, हेही लक्षात ठेवा. पंधरा हजार पगारावर तुमच्या चिठ्ठीतून 0.75 टक्के, म्हणजे 112 रुपये 50 पैसे कापले जातात. मालक 3.25 टक्के, म्हणजे 487 रुपये 50 पैसे घालतो. दर महिन्याला तुमच्या नावावर 600 रुपये जमा होत आले आहेत.

एक मर्यादा खरी आहे: ही मदत आयुष्यात एकदाच मिळते. मधेच नवं काम लागलं तर काम सुटल्यापासून नवं काम लागेपर्यंतच्याच दिवसांचे पैसे मिळतात. योजनेला मुदतही आहे आणि ती टप्प्याटप्प्याने वाढवली गेली आहे, म्हणून अर्जाआधी शाखेत चालू मुदत विचारून घ्या.

"कंत्राटी कामगाराला मिळत नाही." हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं, आणि ते 2018 मध्येही खरं नव्हतं. इएसआय कापली जाते तो प्रत्येक कामगार विमाधारक आहे. कायम असो की ठेकेदाराचा, योजना त्यात फरक करत नाही.

मग कंत्राटी माणसाचाच अर्ज जास्त का अडतो? चाकणच्या एका ताईंचं उदाहरण सांगतो. एकाच कंपनीत, एकाच पॅकिंग लाइनवर त्या चार वर्षं होत्या. मधल्या काळात ठेकेदार बदलला आणि नव्या ठेकेदाराने जुना विमा क्रमांक न विचारता नवा काढला. काम सुटल्यावर त्यांनी नव्या क्रमांकावरून अर्ज केला. त्या क्रमांकावर पाचच महिने दिसत होते, उत्तर आलं 'पात्र नाही'. त्यांना वाटलं मेसेज खरा होता. जुनं पेहचान कार्ड, म्हणजे इएसआयचं ओळखपत्र, शोधायला सांगितलं तर ते मुलाच्या शाळेच्या दाखल्यांबरोबर पिशवीत निघालं. दोन्ही क्रमांक, दोन्ही ठेकेदारांच्या पगारचिठ्ठ्या आणि आधार घेऊन शाखेत लेखी अर्ज दिला, क्रमांक जोडून घ्यायला सात आठवडे गेले, तीन चकरा झाल्या. पैसे आले. नव्या ठेकेदाराकडे लागताना जुना विमा क्रमांक स्वतःहून द्या, नवा काढू देऊ नका. नंतरच्या सात आठवड्यांपेक्षा ते फार सोपं आहे.

पगारचिठ्ठीत इएसआयची कपात दिसते पण संकेतस्थळावर महिना रिकामा आहे, असंही घडतं. म्हणजे ठेकेदाराने तुमच्याकडून कापून पुढे भरलंच नाही. हा गुन्हा आहे. शाखेत लेखी तक्रार द्या आणि पगारचिठ्ठीची प्रत जोडा.

"नामंजूर झाला की संपलं." नामंजुरीचं कारण वाचल्याशिवाय हे कुणीही म्हणू नये. अट अशी आहे: काम सुटण्याआधी किमान दोन वर्षं विमापात्र नोकरी. लगेच आधीच्या अंशदान कालखंडात किमान 78 दिवसांचं अंशदान, आणि त्याआधीच्या तीन कालखंडांपैकी कुठल्याही एकात किमान 78 दिवस. वर्षात कालखंड दोन असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. बोटांवर मोजून बघा. दिवस खरंच कमी भरत असतील तर मीही तुम्हाला आशा दाखवणार नाही. पगार 21,000 च्या वर जाऊन इएसआय बंद झाली आणि त्यानंतर वर्षभराने काम सुटलं, तर लगेच आधीचा कालखंड रिकामाच असतो. तिथे अर्ज बसत नाही.

पण दिवस भरतात आणि तरी नकार आलाय, किंवा काहीच उत्तर नाही, तर रस्ता आहे. 2020 मध्ये नियम बदलताना पंधरा दिवसांत निकाल लावू असं सरकारने सांगितलं होतं. ते पाळलं जातंच असं नाही, पण विचारायला आधार आहे. आधी शाखा व्यवस्थापकाला लेखी. मग प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयात दर महिन्याला 'सुविधा समागम' नावाची तक्रार सुनावणी होते, तिथे कागद घेऊन जा. केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. तरी हललं नाही तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात एवढंच विचारा: माझा अर्ज क्रमांक अमुक, तो कोणत्या टेबलावर किती दिवस आहे आणि का. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बऱ्याचदा उत्तराच्या आधी पैसेच येतात.

मेसेजमध्ये जे लिहिलेलंच नाही, ते शेवटी. तुमची कंपनीच बंद पडली असेल, किंवा कायदेशीर कामगार कपातीत तुम्ही गेला असाल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना नावाची वेगळी योजना 2005 पासून आहे. तिच्यात दोन वर्षं अंशदान भरलेल्याला 24 महिन्यांपर्यंत भत्ता मिळू शकतो, पहिले बारा महिने सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मा, पुढचे बारा महिने पाव, आणि त्या काळात घरच्यांसह दवाखान्याची सोयही चालू राहते. खिडकीवर उभं राहिल्यावर फक्त 'बेरोजगारी भत्ता' म्हणू नका. कंपनी बंद झाल्याची किंवा कपातीची नोटीस पुढे ठेवा आणि या योजनेचं नाव घेऊन विचारा.